नाव नंतर वाचा, आधी सोनं पाहा: 1935 ते 1970 मधली दागिना-घड्याळं ओळखायला शिकताना

बायकांचं जुनं सोन्याचं घड्याळ हातात आलं की बहुतेक जण आधी तबकडीवरचं नाव वाचतात. नाव ओळखीचं असलं की डोळे चमकतात, नसलं की घड्याळ बाजूला पडतं. मी तुम्हाला याच्या उलट करायला सांगणार आहे. 1935 ते 1970 या काळातलं दागिना-घड्याळ आधी दागिना असतं, मग घड्याळ. ते कोणत्या दशकातलं, मूळचं की जोडकाम केलेलं, हे सोन्याचा रंग, कड्यांची घडण आणि खड्यांचं कोंदण तबकडीपेक्षा जास्त खरं सांगतात. नाव तासाभरात रंगवून देता येतं. साठ-सत्तर कड्यांची विणलेली साखळी तशी कुणी सहज करून देणार नाही.

सुरुवातीला लागणारं सामान थोडं आहे: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मऊ सुती फडकं, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आणि खिडकीजवळचा दिवसाचा उजेड. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली गुलाबी सोनं आणि पिवळं सोनं सारखंच दिसतं, म्हणून उजेडाबाबत हट्ट धरा.

पायरी 1: तबकडीवर बोट ठेवा आणि धातूचा रंग पाहा

1920 च्या दशकात युरोप-अमेरिकेत संध्याकाळी घालायचं घड्याळ म्हणजे पांढरा धातू, हिरे आणि काळ्या रेशमी दोरीचा बारीक पट्टा. प्लॅटिनम हा त्या काळचा मानाचा धातू. 1930 च्या दशकाच्या मध्यावर ही आवड हळूहळू पिवळ्या आणि गुलाबी सोन्याकडे वळली. मंदीनंतर कमी खड्यांत भरघोस दिसणारं काम हवं होतं, आणि सोन्याच्या मोठ्या, चकचकीत, वळणदार आकारांनी ते साधलं. मग महायुद्ध आलं. स्फोटकांसाठी लागणारं नायट्रिक आम्ल बनवताना प्लॅटिनमची जाळी लागते. त्यामुळे अमेरिकेत 1942 मध्ये दागिन्यांसाठी प्लॅटिनम वापरायला बंदीच आली. सोनंही जपून वापरायचं होतं. त्यात तांब्याचं प्रमाण वाढवलं की तो उबदार लालसर रंग येतो, आणि 1940 च्या दशकाची ओळखच तो रंग झाला.

अशा एका घड्याळाचं वर्णन करते, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. माझ्या मावशीला तिच्या सासऱ्यांनी आफ्रिकेहून येताना आणलेलं घड्याळ आज माझ्याकडे आहे. तबकडी वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. दोन्ही बाजूंना गुलाबी सोन्याची गुंडाळी, कागदाची कड बोटाने वळवावी तशी. त्या गुंडाळीच्या पोटात दोन्हीकडे चार-चार चौकोनी माणकं एकाला एक चिकटवून बसवलेली, मध्ये धातूची रेघही दिसत नाही. काच घुमटासारखी उंच. समोरून पाहिलं तर घड्याळ कमी आणि लहानसं वास्तुशिल्प जास्त वाटतं. 1940 च्या दशकाची चव ओळखायची असेल तर हेच शोधायचं: जाडी, वळण, उंचवटा आणि सोन्याचा मोकळा, चकचकीत पृष्ठभाग.

युद्ध संपल्यावर पारडं परत फिरलं. 1947 मध्ये ख्रिस्तियाँ दिओर यांनी पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि घेरदार झग्यांची नवी धाटणी आणली. कपडे नाजूक झाले, दागिनेही झाले. प्लॅटिनम मोकळं झालं होतं. 1950 च्या दशकात संध्याकाळचं घड्याळ पुन्हा पांढरं झालं, पांढऱ्या सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं, हिऱ्यांनी मढवलेलं, आणि तबकडी आणखी आक्रसली. दिवसा घालायला मात्र पिवळं सोनं राहिलं, पण आता विणलेलं, पीळ घातलेलं, कापडाच्या पोतासारखं. 1960 च्या दशकात पिवळ्या सोन्याने संध्याकाळही काबीज केली आणि चकाकी गेली. सोनं झाडाच्या सालीसारखं खडबडीत, ओरखडलेलं, ठोकलेलं दिसू लागलं.

इथे नवखा माणूस हमखास फसतो तो रशियन घड्याळांमध्ये. गुलाबी सोनं दिसलं की विकणारा 1940 सांगतो. सोव्हिएत रशियात 583 कसाचं (हजार भागांत 583 भाग सोनं असलेलं) लालसर सोनं त्यानंतरही कित्येक दशकं वापरात होतं. आत पंचकोनी तारा आणि त्यात विळा-हातोडा असा शिक्का असेल तर ते घड्याळ 1958 नंतरचं आहे. घड्याळ वाईट नसतं, फक्त सांगितलेलं वय चुकीचं असतं.

पायरी 2: पट्टा हातात घ्या, वाकवा, आडवा धरा

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. या घड्याळांत पट्टा आणि घड्याळ हे एकच काम असतं. पट्टा बदलला की अर्धी वस्तू गेली.

1930-40 च्या दशकांत कारखाने, यंत्रं, रणगाडे यांचे आकार दागिन्यांत शिरले. विटांच्या रांगांसारख्या कड्या, रणगाड्याच्या पट्ट्यासारखे जाड ठोकळे आणि सर्वांत देखणी म्हणजे तुबोगास. इटालियन भाषेत या नावाचा अर्थ गॅसची नळी. सोन्याच्या लांब पट्ट्या लाकडाच्या किंवा तांब्याच्या गाभ्याभोवती एकमेकींत अडकवत गुंडाळतात आणि नंतर गाभा काढून टाकतात. त्यात डाख लागत नाही. स्प्रिंगसारखी लवचीक नळी तयार होते आणि मनगटाला स्वतःच विळखा घालते. रोमच्या बुल्गारी या दागिन्यांच्या पेढीने 1948 पासून या नळीची सापाच्या आकाराची घड्याळं केली. 1950-60 च्या दशकांत त्याच सापाला मीनाकारीची खवलं आली आणि तबकडी सापाच्या जबड्यात लपली. 1962 मध्ये रोममध्ये क्लिओपात्राच्या चित्रीकरणाच्या वेळी एलिझाबेथ टेलर यांच्या मनगटावर असा साप होता, आणि त्या छायाचित्रांनी त्याला जगभर नेलं.

आता तपासणी. घड्याळ कडेवर उभं, जमिनीला समांतर धरा आणि टोक मोकळं सोडा. कड्या शाबूत असतील तर पट्टा किंचित वाकेल. तो धनुष्यासारखा लोंबकळला तर आतल्या पिना आणि कड्यांची भोकं झिजलेली आहेत. अशी झीज भरून काढता येते, पण काम कष्टाचं आणि महागाचं. तुबोगास असेल तर नळीत चपटलेली जागा किंवा उघडलेली फट शोधा. तिथे एकदा खोट आली की साधा सोनार काही करू शकत नाही, कारण डाख दिला की लवचिकता गेली.

मग पट्टा आणि केस (म्हणजे यंत्र बसवलेली डबी) जिथे भेटतात ती जागा भिंगाखाली पाहा. मूळ कामात शेवटची कडी केसच्या आकाराला बरोबर बसते आणि दोन्हींचा रंग एक असतो. सोन्याच्या रंगात फरक, डाखेचे थेंब, केसच्या कानाजवळ (जिथे पट्टा अडकवतात तिथे) घासल्याच्या खुणा दिसल्या तर डोकं, म्हणजे केस आणि तबकडी, एकाचं आणि पट्टा दुसऱ्याचा. अशी जोडघड्याळं बाजारात भरपूर आहेत, आणि त्यामागे दुःखद कारण आहे. सोन्याचा अधिकृत भाव कित्येक वर्षं औंसाला 35 डॉलर होता. ऑगस्ट 1971 मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला आणि जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरपर्यंत गेला. तीस-चाळीस ग्रॅमचे पट्टे सर्रास मोडीत निघाले. सोनं वितळलं, घडण गेली, आणि बिनपट्ट्याची डोकी डब्यांत उरली. म्हणून मूळ पट्ट्यासकट शाबूत घड्याळ दिसलं की मला खरोखर आनंद होतो.

पायरी 3: तबकडी कुठे आहे आणि किती मोठी आहे

त्या काळच्या युरोप-अमेरिकेत बाईने चारचौघांत घड्याळ पाहणं असभ्य मानलं जाई. यजमानाला वाटायचं, ही कंटाळली. त्यावर कारागिरांनी किती सुंदर उत्तरं शोधली! व्हान क्लीफ अँड आर्पेल्स यांनी 1935 मध्ये कुलपाच्या आकाराचं कादना घड्याळ केलं. त्यात तबकडी अशी तिरकी बसवली आहे की घालणारीलाच ती दिसते. समोरच्याला फक्त सोन्याचं कुलूप दिसतं. इतरांनी तबकडीवर हिऱ्यांचं झाकण बसवलं, कुणी फुलाच्या पाकळीखाली ती दडवली. तेव्हा हातात आलेल्या कड्यावर कुठेच घड्याळ दिसत नसेल, पण एखादा भाग जरा जाड वाटत असेल, तर त्याची कड नखाने हलकेच चाचपून पाहा. जोर लावू नका. बिजागरी फार नाजूक असते.

चावी दिसली नाही तर ती हरवली असं समजू नका. यातल्या पुष्कळ घड्याळांची चावी पाठीवर चपटी बसवलेली असते, कारण बाजूला आलेली चावी दागिन्याची रेघ बिघडवते. स्विस घड्याळकंपनी जेगर-लेकूल्त्रचं 1929 चं कॅलिबर 101 हे यंत्र त्याचं मूळ उदाहरण. लांबी 14 मिलिमीटर, रुंदी 4.8, जाडी 3.4, वजन साधारण एक ग्रॅम. दोन तांदूळ टोकाला टोक लावून ठेवले तर जेवढी लांबी होईल तेवढ्यात अख्खं यंत्र. तबकडी कितीही लहान केली तरी चालेल असं जेव्हा दागिने घडवणाऱ्याला कळलं, तेव्हा हिऱ्यांना जागा मिळाली.

1957 मध्ये पियाजे या स्विस कंपनीने उलट्या दिशेने तोच प्रश्न सोडवला. 9पी हे त्यांचं चावीचं यंत्र फक्त 2 मिलिमीटर जाडीचं होतं. यंत्र इतकं पातळ झालं की तबकडी मोठी करूनही घड्याळ बोजड दिसेना, आणि वर दगडाची चकती बसवण्याइतकी जागाही उरली. 1963 पासून त्यांच्या घड्याळांत लाजवर्द, मॅलाकाइट, टायगर आय, फिरोजा, ऑनिक्स, जेड अशा दगडांच्या तबकड्या आल्या. जॅकलीन केनेडी यांच्याकडचं जेडच्या तबकडीचं घड्याळ याच काळातलं. इवल्याशा पांढऱ्या तबकडीपासून गडद हिरव्या, निळ्या, रुंद दगडापर्यंतचा हा दहा-पंधरा वर्षांचा प्रवास मला या सगळ्या कथेतला सर्वांत रंजक टप्पा वाटतो. यंत्र पातळ झालं म्हणून रंग आला.

दगडाच्या तबकडीवर बऱ्याचदा आकडे नसतात, काटेच असतात. रंग धुऊन गेला अशी शंका घेऊ नका. काट्यांच्या मधल्या भोकापासून निघणारी बारीक चीर मात्र जरूर शोधा, कारण दगड तिथेच फुटतो. फिरोजा हिरवट पडला असेल तर त्याने तेल किंवा अत्तर प्यायलंय.

1960 च्या दशकात आकाराची समरूपताही मोडली. जिनिव्हात जिल्बेर आल्बेर यांनी पाटेक फिलिपसाठी तिरपी, एका बाजूला झुकलेली घड्याळं आखली. लंडनमध्ये कार्टियेने 1967 मध्ये वितळल्यासारखं दिसणारं क्रॅश हे घड्याळ केलं. 1970 मध्ये अँड्र्यू ग्रिमा यांनी ओमेगासाठी केलेल्या संग्रहात तर काचेच्या जागी रत्नंच बसवली. वेळ पुष्कराजासारख्या दगडातून पाहायची. ही घड्याळं पहिल्यांदा पाहिली की ती ओबडधोबड वाटतात. जरा थांबून पाहा.

पायरी 4: शिक्के वाचा, आणि कमी कॅरेट पाहून नाक मुरडू नका

आपल्याकडे सोनं म्हणजे 22 कॅरेट. त्यामुळे 14 किंवा 9 आकडा दिसला की मराठी घरात लगेच "खोटं आहे" असा निकाल लागतो. इतक्या बारीक बिजागऱ्या आणि स्प्रिंगा 22 कॅरेटच्या मऊ सोन्यात टिकणारच नाहीत, हे लक्षात घ्या. कॅरेटवरून देशाचा अंदाज येतो. स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये बहुतेक 18, अमेरिकेत 14, इंग्लंडमध्ये 9 आणि 18. स्विस 18 कॅरेटवर बाईच्या मस्तकाचा शिक्का असतो (ती हेल्व्हेशिया, स्वित्झर्लंडचं प्रतीक), 14 वर खारीचा. फ्रान्समध्ये घडलेल्या 18 कॅरेटवर गरुडाचं डोकं, बाहेरून आलेल्या सोन्यावर घुबड. हे शिक्के मिलिमीटरभर असतात, त्यामुळे केसच्या पाठीवर, आतल्या बाजूला आणि फाश्याच्या जिभेवर भिंगाने शोधा. पट्टा आणि केस या दोन्हींवर एकाच देशाचे शिक्के असले तर मन अर्धं निवांत होतं. अमेरिकेत विकलेल्या घड्याळांत मात्र स्विस यंत्र आणि अमेरिकेत घडलेली केस ही जोडी मूळचीच असू शकते. आयात शुल्कामुळे तसं करणं स्वस्त पडे.

14 कॅरेटच्या आकड्यासोबत "फिल्ड" किंवा "रोल्ड" असा शब्द असेल तर ते भरीव सोनं नाही, दुसऱ्या धातूवर चढवलेला सोन्याचा पत्रा आहे. सराफाकडच्या कॅरेट मोजायच्या यंत्राला फक्त वरचा थर दिसतो, त्यामुळे त्याचा आकडा हा शेवटचा शब्द मानू नका. कडांची झीज पाहा. तिथे खालचा धातू उघडा पडतो.

भारतातल्या घरातून निघालेल्या घड्याळाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. जानेवारी 1963 मध्ये सोने नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी झाली. म्हणजे ज्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये दगडाच्या तबकड्या येत होत्या, त्याच वर्षी आपले सोनार बेकार होत होते. घरातल्या आजीने घड्याळाचा पट्टा त्या सुमारास नवा करून घेतला असेल, तर त्याच्या 14 कॅरेटमागे हेही कारण असू शकतं.

पायरी 5: खडे

1940 च्या दशकातली चौकोनी माणकं बऱ्याचदा कृत्रिम असतात. वितळवून माणिक बनवायची व्हर्नुई यांची पद्धत 1902 पासून माहीत होती. तंतोतंत एका मापाचे, एका रंगाचे खडे सलग बसवायला ती सोयीची पडे, आणि नामांकित कामांतही अशी माणकं वापरली आहेत. भिंगाखाली वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर खडा कृत्रिम. त्यामुळे घड्याळ खोटं ठरत नाही. किंमत मात्र नैसर्गिक माणकांची देऊ नका.

बारीक हिऱ्यांना त्या काळी सतरा-अठरा पैलूंचा साधा घाट देत. एकाच ओळीत असे हिरे आणि मध्येच एखादा जास्त पैलूंचा, जास्त चमकणारा दिसला तर तो नंतर बसवलेला आहे.

पायरी 6: यंत्र

हे काम जाणत्या घड्याळजीला करू द्या. स्वतः सुरीने पाठ उघडू नका. पातळ सोन्यावर पडलेला ओरखडा कायमचा. उघडल्यावर दोन गोष्टी बघायला सांगा: यंत्रावर तबकडीवरचंच नाव आहे का, आणि गंज आहे का. दागिने घडवणारी घराणी यंत्र स्वतः क्वचितच करत. बुल्गारीच्या सापांत जेगर-लेकूल्त्र, मोव्हाडो, व्हाशेरॉन यांची यंत्रं सापडतात, म्हणून वेगळं नाव दिसलं तरी घाबरू नका. यंत्र काढून बॅटरीवाली मशीन बसवलेली असेल तर मात्र घड्याळ सोडून द्या, असं मी म्हणेन. इतक्या लहान यंत्राकडून रोज काही मिनिटं इकडेतिकडे होणार, ते चालतं.

पायरी 7: डोळा तयार करा

पैसे घालायच्या आधी निदान तीन महिने नुसतं पाहा. क्रिस्टीज, सदबीज, फिलिप्स, अँटिकोरम या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीची छायाचित्रं आणि मिळालेल्या किमती त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. रोज दहा घड्याळं घ्या, वर्णन हाताने झाका, दशक स्वतः ठरवा आणि मग उघडून पाहा. चुकलात तर कशामुळे चुकलात ते वहीत लिहा. मी पांढरं सोनं पाहून प्रत्येक वेळी 1930 म्हणायचे; केसची जाडी पाहायला शिकले तेव्हा 1955 ची घड्याळं वेगळी दिसू लागली.

विकत घेताना आधी मोडीचा भाव काढा. एकूण वजनातून यंत्र, काच आणि स्टीलच्या स्प्रिंगा वजा करा, कॅरेटप्रमाणे सोन्याची किंमत काढा. तेवढ्यापेक्षा खाली नाव नसलेलं पण मूळ पट्ट्याचं घड्याळ मिळालं तर नवख्याने निर्धास्त घ्यावं. शिकायला ते उत्तम.

पायरी 8: दुरुस्तीला देण्याआधी

मावशीच्या घड्याळाची एक कडी तुटली होती. मी ते घराजवळच्या एका दुकानात दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत दिलं, हसतमुखाने आणि स्वस्तात. घरी येऊन उजेडात धरलं तर गुलाबी सोन्यावर कथलाचा पांढरा डाख पसरलेला आणि शेजारच्या तीन कड्या एकमेकींना चिकटून ताठ झालेल्या. कथील सोन्यात मुरतं. नंतर दुसऱ्या कारागिराने ते खरवडून काढलं तेव्हा खाली खड्डे राहिले. मनगटावर तो भाग अजून वाकत नाही.

म्हणून देण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा, वजन ग्रॅममध्ये पावतीवर लिहून घ्या, कड्या मोजा. "सोन्याचाच डाख, पॉलिश नको, तबकडीला हात लावायचा नाही" ही तीन वाक्यं पावतीवर लिहायला लावा. पॉलिश नको म्हणण्याचं कारण, सालीसारखा पोत आणि गुंडाळीची धारदार कड एका चकचकीत हातात पुसली जाते. ज्या सोनाराने कधी तोडे किंवा विणलेली चेन दुरुस्त केली आहे त्यालाच पट्टा दाखवा, आणि आधी त्याने केलेलं एखादं काम बघायला मागा. तो दाखवायला तयार नसेल तर घड्याळ फडक्यात गुंडाळून परत घेऊन या.